धूर, गहू आणि एक मेलेली बिअर

१९९३ साली पश्चिम पोलंडमधल्या ग्रोजिस्क व्येल्कोपोल्स्की या लहानशा गावातली ब्रुअरी बंद झाली. पोलंडमध्ये तेव्हा कारखान्याला टाळं लागणं ही काही बातमी नव्हती. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, बाजार खुला झाला आणि तोट्यातले कारखाने एकेक करून बसत गेले. ही ब्रुअरी पोझ्नानच्या एका मोठ्या कंपनीकडे होती आणि त्या कंपनीला ही जुनी गावठी बिअर परवडेना. लोकांना लागर, म्हणजे आज सगळीकडे मिळणारी नेहमीची फिकट बिअर, हवी होती. पण इथे एक गोष्ट वेगळी होती. ग्रोजिस्क्ये नावाची ही बिअर तेव्हा दुसरीकडे कुठेच बाजारासाठी बनत नव्हती. त्यामुळे कारखान्याबरोबर बिअरची एक अख्खी जातच गेली.

मग वीसेक वर्षांनी ती परत आली. कशी, हे समजून घ्यायचं तर आधी ती बनायची कशी हे पाहायला हवं, कारण या बिअरमध्ये सगळंच उलटं आहे.

बिअर म्हटलं की जव. ही मात्र शंभर टक्के गव्हाची. गव्हाच्या बिअर जर्मनीत भरपूर आहेत, पण त्यांतही बराचसा जव असतो आणि त्या सहसा गढूळ असतात. ही मात्र काचेसारखी नितळ. धुराची बिअर म्हटली की काळपट, जड, हॅमच्या वासाची असं चित्र डोळ्यांपुढे येतं. ही फिकट सोनेरी, आणि अल्कोहोल जेमतेम अडीच ते सव्वातीन टक्के. वर पांढरा घट्ट फेस, जिभेवर बुडबुड्यांची चुरचुर, शेवटी हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या एका वेलीच्या फुलांचा, कडवटपणा. पोलिश लोक तिला आपली शँपेन म्हणायचे. कौतुकात अतिशयोक्ती असतेच, पण फेसापुरती ती चालून जावी.

सुरुवात माल्टपासून. माल्ट म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी नाचणीचं सत्त्व केलं जातं त्यांना सांगायला नको. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, मग वाळवायचं. मोड येताना दाण्यात विकरं तयार होतात. कोंबाला अन्न हवं म्हणून दाणा स्वतःच आपला स्टार्च फोडायची तयारी करतो. आपण त्याला ऐन वेळी वाळवून थांबवतो. विकरं तशीच राहतात आणि पुढे कोमट पाण्यात पडली की स्टार्चची साखर करतात. सत्त्वाची पेज पातळ आणि गोडसर का लागते याचंही उत्तर हेच.

प्रश्न असतो तो वाळवण्याचा. उत्तर युरोपात ऊन भरवशाचं नाही. त्यामुळे ओला माल्ट जाळीवर पसरून खालून जाळ घालायचा, ही शतकानुशतकांची रीत. लाकडाचा जाळ म्हणजे धूर आला, आणि धूर दाण्याला लागणारच. म्हणजे एके काळी धुराचा वास ही कुणाची खासियत नव्हती, बहुतेकांची ती मजबुरी होती. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये माल्टसाठी कोक, म्हणजे आधीच भाजून धूर घालवलेला दगडी कोळसा, वापरायला लागले, पुढे गरम हवेच्या भट्ट्या आल्या, आणि बिअरमधून धूर हद्दपार झाला. जर्मनीतल्या बामबर्गने बीचच्या लाकडाचा धूर जपला आणि ग्रोजिस्कने ओकचा. इतरांनी ज्याला दोष मानून काढून टाकलं, त्यालाच या दोन गावांनी आपली ओळख केली.

धुरातून दाण्यात नेमकं काय जातं? लाकूड मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन या तीन पदार्थांचं बनलेलं असतं. पहिले दोन साखरेच्या साखळ्यांचे. त्या जळताना आम्लं आणि कॅरॅमलसारखे गोडसर वास देणारे रेणू सुटतात. आपल्या कामाचं मात्र लिग्निन. झाडाला ताठ उभं ठेवणारं हे जाळं फिनॉलच्या कड्यांचं असतं. उष्णतेने ते तुटलं की ग्वायाकॉल आणि सिरिंगॉल हे दोन रेणू आणि त्यांचा गोतावळा हवेत जातो. देवदार-चीडसारख्या मऊ लाकडात जवळजवळ फक्त ग्वायाकॉलची बाजू असते. ओक-बीचसारख्या कठीण लाकडात दोन्ही. धुराचा जो वास आपण ओळखतो, तो बराचसा यांचाच. पाण्यात अब्जात काही भाग इतकं ग्वायाकॉल असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं.

ग्वायाकॉलचं कुळ मोठं गमतीचं आहे. या कडीला एका जागी छोटी शेपटी जोडली की होतं युजेनॉल, म्हणजे लवंगेचा वास. दुसरी शेपटी जोडली की व्हॅनिलिन. वरणाला धुंगार देताना निखाऱ्यावर तूप आणि लवंग टाकतात, तेव्हा कोळशाचा धूर आणि लवंग ही एकाच घरातली भावंडं वाडग्यात भेटत असतात. हुरड्याच्या आगटीतही हेच रेणू. दाणा ओलसर असतो तोवर त्याच्या पृष्ठभागावरच्या पाण्यात हे फिनॉल चटकन विरघळतात. कोरड्या दाण्याला धूर तितका लागत नाही. म्हणून धूर द्यायचा तो वाळवण्याच्या सुरुवातीला, नंतर नाही. हे रसायनशास्त्र माहीत नसतानाही माल्ट करणाऱ्यांना ते ठाऊक होतं.

ओकच्या धुराचा गव्हाचा माल्ट बामबर्गच्या माल्टपेक्षा सौम्य असतो. कोरडा, हलका, मागे राहणारा धूर. पूर्ण बिअर याच माल्टची करूनही ती पिता येते, ती त्यामुळेच.

आता गव्हाची अडचण. माल्टचा रवाळ भरडा गरम पाण्यात कालवला की साखरेचं पाणी तयार होतं, त्याला वॉर्ट म्हणतात. ते चोथ्यातून गाळून घ्यावं लागतं. जवाच्या दाण्यावर टरफल असतं आणि तेच भांड्याच्या तळाशी साचून गाळणीचं काम करतं. गव्हाचं टरफल मळणीतच उडून जातं. वर गव्हात प्रथिनं जास्त, आणि पेशींच्या भिंतींतला डिंकासारखा चिकट पदार्थही भरपूर. कुरडयांसाठी गव्हाचा चीक ज्यांनी फडक्यातून पिळून काढला आहे, त्यांनी पन्नास किलो भरडा डोळ्यांपुढे आणावा. चोथा बसतो, वॉर्ट थांबतं, आणि पुढचे चार तास शिव्या देण्यात जातात. आजचे घरगुती ब्रुअर यावर भाताचं तूस मिसळतात. उसनी टरफलं म्हणा ना.

ग्रोजिस्कमध्ये याचा उपाय तापमानाच्या पायऱ्यांनी करत. सगळं मिश्रण एकदम गरम न करता टप्प्याटप्प्याने वर न्यायचं. चाळिसेक अंशांजवळ चिकट डिंक तोडणारी विकरं काम करतात, पन्नाशीच्या आसपास प्रथिनं तोडणारी, आणि साठ ते सत्तरच्या पट्ट्यात स्टार्चची साखर करणारी. प्रत्येक विकराला त्याच्या तापमानात वेळ दिला की मिश्रण पातळ होतं. मग वॉर्ट सुमारे दोन तास उकळायचं. बिअर हलकी असल्याने चोथाही कमी. शंभर ग्रॅम वॉर्टमध्ये साखर वगैरे विरघळलेले पदार्थ सात-आठ ग्रॅम, तर साध्या लागरमध्ये ते अकरा-बारा ग्रॅम असतात. इतक्या पातळ द्रवात लपायला जागा नसते. धूर कमी पडला, कडू जास्त झालं, यीस्टने काही गडबड केली, सगळं उघडं पडतं.

यीस्टची गडबड म्हणजे काय? गव्हाच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट त्यातला कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतो तो लवंगेच्या वासाचा विनाइल ग्वायाकॉल. पुन्हा तेच कुळ! तिथे तो वास हवाच असतो. पण ग्रोजिस्क्येमध्ये धुराचे फिनॉल आधीच आहेत. त्यात यीस्टचीही लवंग आली की दातांच्या दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं. म्हणून इथे ज्या यीस्टला ही कला येतच नाही तेच लागतं. स्वच्छ आंबवणारं, साखर जवळपास संपवून बिअर कोरडी करणारं. ‘गव्हाची बिअर आहे ना, मग गव्हाचं यीस्ट टाका’ ही चूक अनेक हौशी ब्रुअरनी केली आहे. दुसरी चूक ती आंबट करण्याची. जर्मनीत लिश्टेनहायनर नावाची धुराची आंबट बिअर होती. ग्रोजिस्क्येलाही लोकांनी त्याच पंगतीत बसवलं. ते चूकच.

गढूळपणाचं काय? बिअर गाळण्याच्या यंत्रातून काढत नसत, कारण बाटलीत पुन्हा आंबायला यीस्ट जिवंत हवं. त्याऐवजी माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेली खळ घालत. आपल्याकडे घोळ माशाच्या याच पिशवीला सोन्याचा भाव येतो, हे किनाऱ्यावरच्या वाचकांना माहीत आहे. ही पिशवी म्हणजे जवळजवळ निव्वळ कोलॅजेन हे प्रथिन. आम्लधर्मी बिअरमध्ये कोलॅजेनवर धन विद्युतभार असतो, तर यीस्टच्या पेशींवर ऋण. दोघं एकमेकांना धरतात, गाठी होऊन तळाशी बसतात, आणि थोडंच यीस्ट वर उरतं. तेवढं बाटलीत वायू करायला पुरेसं. एक लिटर बिअरमध्ये साडेतीन लिटर कार्बन डायऑक्साइड कोंबलेला. साध्या लागरमध्ये तो अडीच लिटरच्या आसपास असतो. वर गव्हाची प्रथिनं फेसाला धरून ठेवतात.

पाण्याबद्दल गावात आख्यायिकाच आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गावातली विहीर आटली. लुबिनच्या मठातला बर्नार्ड नावाचा बेनेडिक्टाइन साधू आला, त्याने प्रार्थना केली आणि पाणी परत आलं, आधीपेक्षा चांगलं. कृतज्ञतेपोटी गावकरी दरवर्षी बिअरचं पिंप घेऊन मिरवणुकीने लुबिनला जात. चौकातली ती विहीर अजून दाखवतात. चमत्कार बाजूला ठेवला तरी या बिअरला सल्फेट असलेलं, मध्यम जड पाणी मानवतं हे खरं. सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा धारदार आणि कोरडा लागतो.

पोलंडच्या फाळण्यांमध्ये १७९३ साली हा प्रदेश प्रशियाकडे गेला, गावाचं नाव ग्रेट्स झालं आणि बिअरचं ग्रेट्सर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची कीर्ती दूरवर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर ओहोटी लागली, ती १९९३ पर्यंत.

पुनरुज्जीवनाचं काम कुठल्या कंपनीने सुरू केलं नाही. ते केलं घरी बिअर बनवणाऱ्या पोलिश हौशी मंडळींच्या संघटनेने. प्रकल्पाला नाव दिलं ‘ग्रोजिस्क्ये रेदिविवुस’. लॅटिनमध्ये रेदिविवुस म्हणजे पुन्हा जिवंत झालेला. जुने कागद शोधले, कारखान्यातल्या जुन्या माणसांना गाठलं. कागदावर तापमान आणि वेळ मिळतात. भरड किती जाड हवी, गाळताना चोथा कधी ढवळायचा, धूर पुरेसा लागला हे कशावरून ओळखायचं, या गोष्टी सहसा कुणी लिहून ठेवत नाही. आजीच्या लोणच्याच्या वहीत ‘मीठ अंदाजाने’ असतं, तसंच हे. हॉप्स मिळण्यासारखे होते, कारण शेजारचा नोव्ही तोमिश्लचा प्रदेश हॉप्ससाठी पूर्वापार प्रसिद्ध. धुराच्या गव्हाचा माल्ट मात्र कुणी बनवेनासंच झालं होतं. त्याला आणखी एक कारण होतं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं की ज्वाळेतले नायट्रोजनचे ऑक्साइड मोडाच्या जवातल्या अमाइनशी मिळून नायट्रोसअमाइन हे घातक पदार्थ तयार करतात. तेव्हापासून बहुतेक माल्ट कारखाने ज्वाळेची हवा धान्याला लागूच देत नाहीत. ओकच्या धुराचा गहू बाजारात आणला तो बामबर्गच्याच वायरमान कंपनीने. त्यानंतर जगभरच्या स्वयंपाकघरांत ग्रोजिस्क्येचे प्रयोग सुरू झाले.

राहिलं यीस्ट. ते लिहून ठेवता येत नाही, जिवंतच ठेवावं लागतं. घरचं विरजण मोडलं की शेजारून वाटीभर आणतो, पण कारखान्याचं विरजण आणायचं कुठून? यासाठीच सूक्ष्मजीवांचे संग्रह असतात. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असाच औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथे हजारो वाण गोठवून किंवा कोरडे करून झोपवलेले असतात. ग्रोजिस्कच्या ब्रुअरीचं यीस्टही असंच जपलेलं होतं, म्हणून ते पुन्हा वाढवता आलं. नाहीतर बाकी सगळं जमवूनही ‘तिच्यासारखी एक बिअर’ एवढंच म्हणावं लागलं असतं.

तरी ती तीच आहे का? मला विचाराल तर नव्वद टक्के. माल्टची भट्टी वेगळी, गव्हाची वाणं वेगळी, आणि पिणाऱ्यांची तोंडं तर पारच वेगळी, कारण त्यांनी मधल्या काळात शंभर प्रकारच्या बिअर चाखल्यात. उरलेले दहा टक्के कुठल्याच संग्रहात नसतात.

२०१५ मध्ये मिवोस्वाफच्या फोर्तुना ब्रुअरीने ग्रोजिस्कमधली जुनी इमारत पुन्हा चालू केली. त्याच वर्षी बिअर परीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत ऐतिहासिक प्रकार म्हणून ग्रोजिस्क्येची नोंद झाली. बाटली उघडायच्या आधी ती उभी ठेवून थंड करायची, म्हणजे तळाशी यीस्टचा पातळ थर बसतो. पेला उंच, निमुळता घ्यायचा. एकाच धारेत, हात न हलवता ओतायचं, आणि तळाचं बोटभर बाटलीतच राहू द्यायचं.