जमिनीत मुरलेलं पेट्रोल-डिझेल आणि बिनहवेचे जीवाणू

(पेट्रोल पंप, गॅरेज आणि जनरेटर असलेल्या सोसायट्यांसाठी)

टाकी बदलली, गळती थांबली, फरशीही नवी झाली. तरी बोअरच्या पाण्याचा वास जात नाही. नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातली ही नेहमीची तक्रार. अशी तेल मुरलेली जमीन आम्ही साफ करतो, म्हणून पाठोपाठ प्रश्न येतो, "तुम्ही तेल खाणारे जीवाणू आणून सोडणार ना?" नाही. बहुतेक जागी ते मातीत आधीपासून असतात. त्यांना कमी पडतो तो श्वास.

आपल्याकडच्या उष्ण पाण्यात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. तेल मुरलं की तो लगेच संपतो. मग नायट्रेट, मातीतलं लोह किंवा सल्फेट यांवर श्वास भागवणारे जीवाणू कामाला लागतात. ठाण्याच्या खाडीचा काळा चिखल आणि ओहोटीला येणारा सडक्या अंड्यांचा वास ही सल्फेटवाल्यांचीच करामत. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं, त्यामुळे खारं पाणी मुरणाऱ्या भरावात त्यांची चंगळ असते.

खरी अडचण पहिल्या घासाची. पेट्रोलमधल्या टोल्यूइनसारख्या रेणूत नुसता कार्बन आणि हायड्रोजन, धरायला कान नाही. बिनकानाचं गरम पातेलं आपण सांडशीने उतरवतो, तसं हे जीवाणू फ्युमरेट नावाचं छोटं आम्ल त्या रेणूला जोडतात. पकड मिळाली की पुढचे तुकडे करणं सोपं, आणि शेवटी फ्युमरेट पुन्हा तयार होतं. सांडशी पुढच्या पातेल्याला मोकळी. थावेरा अरोमॅटिका या जीवाणूत ही युक्ती नीट अभ्यासली गेली आहे. ही जोडणी करणारं एन्झाइम मात्र ऑक्सिजन लागताच निकामी होतं. म्हणून जमिनीत चार दिवस हवा मारायची, चार दिवस पंप बंद, हा खेळ आम्हाला पसंत नाही. हवा मारायची तर सलग मारा, नाहीतर नकोच.

जीवाणूंच्या श्वासासाठी आम्ही सहसा सल्फेट देतो. 1 किलो टोल्यूइन संपवायला सुमारे 4.7 किलो सल्फेट लागतं, म्हणजे साधारण 12 किलो एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट). नायट्रेटही चालतं, पण पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे 45 मिलिग्रॅम आहे आणि शेजारच्याची विहीर बिघडवून आपली जागा साफ करण्यात अर्थ नाही. सल्फेटचाही हिशेब ठेवावाच लागतो.

पाण्यावर तेलाचा थर तरंगत असेल तर तो आधी उपसावाच लागेल. जीवाणू विरघळलेल्या तेलावर काम करतात, तेही सावकाश. महिने जातात, कधी वर्षं. पेट्रोलमधलं बेंझिन सगळ्यात चिवट. "पंधरा दिवसांत जागा साफ" असं कोणी सांगितलं तर आधीचे आणि नंतरचे प्रयोगशाळेचे अहवाल मागा. आमच्याकडेही मागा.

आणखी एक. श्वासाला काहीच उरलं नाही की काही जीवाणू मिळून तेलाचा मिथेन करतात. तो चेंबरमध्ये, तळघरात साचू शकतो. झाकण उघडून आधी गॅस मीटर लावतो. तोवर विडी-काडी लांब ठेवा, आणि आत डोकावूही नका.