जर्नल कपाटातून गेलं, पण जपलं कुठे?

ठाण्यातल्या एखाद्या जुन्या सायन्स कॉलेजच्या ग्रंथालयात मागच्या भिंतीची कपाटं उघडून पाहा. वर्षवार बांधलेले जर्नलचे, म्हणजे संशोधन-नियतकालिकांचे, जाडजूड खंड, आतल्या पानावर ग्रंथालयाचा शिक्का आणि दाखल नंबर. खाडीच्या दमट हवेनं पानं पिवळी पडली असतील, पण वर्गणी थांबली म्हणून जुना खंड कोणी परत मागितला नाही.

१६६५ साली लंडनमध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू झालं, तेव्हापासून तीन शतकांहून अधिक काळ संशोधन असंच कागदावर छापलं गेलं. १९९१ मध्ये अमेरिकेत पॉल गिन्सपार्ग यांनी भौतिकशास्त्राचे निबंध छपाईआधीच ई-मेलवरून मिळण्याची सोय केली. तेच आजचं ‘अर्काइव्ह’. जर्नल्सही भराभर ऑनलाइन गेली. एकेकाळी टपालाची वाट पाहावी लागे. आता निबंध प्रसिद्ध होताच खारघरच्या प्रयोगशाळेत वाचता येतो. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्राची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. तिच्यात सरकारी संस्थांसाठी ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स आहेत. ही फार मोठी गोष्ट आहे.

तरी एक काळजी उरतेच. ऑनलाइन वर्गणीत ग्रंथालयाला बहुतेक वेळा वाचायची परवानगी मिळते, फाइल प्रकाशकाच्याच सर्व्हरवर राहते. निबंधाचा डीओआय क्रमांक तो सध्या कुठे आहे ते दाखवतो. जपून ठेवणं हे त्याचं काम नव्हे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७४ लाखांहून अधिक डीओआय तपासले गेले. त्यांतल्या सुमारे २८ टक्के निबंधांची प्रत एकाही मोठ्या डिजिटल संग्रहात सापडली नाही.

यावरचा मला सर्वांत पटलेला उपाय स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आला: ‘लॉक्स’. वेगवेगळ्या ग्रंथालयांतले संगणक एकाच निबंधाच्या प्रती सांभाळतात आणि अधूनमधून एकमेकांशी ताडून पाहतात. त्यासाठी फाइलमधून गणितानं एक लांबलचक आकडा काढतात. मजकुरातला स्वल्पविराम बदलला तरी तो आकडा बदलतो. एखाद्याचा आकडा इतरांशी जुळला नाही, तर त्याची प्रत बिघडली असं समजून चांगली प्रत आणून दुरुस्ती होते. गाथा जशी अनेकांच्या मुखी असल्यानं टिकली, तसंच हे.

आपल्याकडे कितीतरी कॉलेजं स्वतःची ई-जर्नल्स काढतात आणि फाइल फक्त कॉलेजच्या वेबसाइटवर ठेवतात. वेबसाइट नवी केली की जुने अंक जायची भीती. ‘ओजेएस’ या जर्नल चालवण्यासाठीच्या मोफत सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या जर्नलला मात्र लॉक्सच्याच तंत्रावरचं जतन-जाळं फुकट मिळतं. त्यासाठी जर्नलला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, हवा आणि निदान एक निबंध प्रसिद्ध झालेला हवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या संपादकांनी पुढच्या अंकाआधी या जाळ्यात नोंदणी करून टाकावी.