इंजिन कुठे आहे ते सांगा, मग आकाराचे बोलू

स्पोर्ट्स कारच्या पुढच्या पिढीविषयी अफवा उठली की चाहत्यांचा वाद बहुधा दिव्यांवरून पेटतो. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेटने २०१३ साली मागचे गोल दिवे सोडून कोनदार दिवे घेतले, तेव्हा जुन्या निष्ठावंतांनी असा गदारोळ केला, की जणू इंजिनच काढून घेतले होते. याच गाडीविषयीची खरी मोलाची अफवा मात्र वेगळी होती: इंजिन चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या मध्याजवळ जाणार. कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटॉव यांनी १९६० मध्येच तशी प्रायोगिक गाडी बांधली होती. विक्रीच्या गाडीत हा बदल जुलै २०१९ मध्ये, आठव्या पिढीत दिसला.

यावर एक आक्षेप हमखास येतो. सातव्या पिढीत इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असल्यामुळे वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळपास ५०:५० विभागलेले होते. मग आणखी काय हवे? हा आकडा जाहिरातीत शोभतो, पण तो निम्मीच गोष्ट सांगतो.

एक काठी मधोमध धरा, तिच्या दोन्ही टोकांना पाण्याने भरलेल्या बाटल्या बांधा आणि मनगट झटकन डावीउजवीकडे वळवून पाहा. आता त्याच बाटल्या मुठीजवळ सरकवा. वजन तेच, तोलही तोच, तरी काठी आता सहज वळते. वळण्याला होणाऱ्या या विरोधाला जडत्व परिबल म्हणतात आणि ते वस्तुमान गुणिले अंतराचा वर्ग या हिशेबाने वाढते. समजा, २०० किलोचे इंजिन गुरुत्वमध्यापासून, म्हणजे गाडीचा तोल जिथे साधतो त्या बिंदूपासून, दीड मीटरवर आहे. त्याचा वाटा ४५० एकक होतो. तेच पाऊण मीटरवर आणले तर ११२.५, म्हणजे फक्त एक चतुर्थांश. इंजिन आणि गिअरबॉक्स दोन टोकांना ठेवून साधलेले ५०:५० हे टोकांना बाटल्या बांधलेल्या काठीसारखेच आहे. अर्थात, पटकन वळणारी गाडी तोल गेल्यावर गरकनही फिरते आणि सावरायला चालकाला कमी वेळ देते, हे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत.

ब्रेकचा हिशेब याहून गमतीचा आहे. १६०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ०.४५ मीटर उंच, चाकांच्या दोन जोड्यांतील अंतर २.७ मीटर आणि मंदन (वेग घटण्याचा दर) गुरुत्वत्वरणाइतके, म्हणजे जोरदार ब्रेक दाबल्यासारखे धरले, तर सुमारे २६७ किलोचा भार मागून पुढे सरकतो. ५०:५० च्या गाडीत पुढे १०६७ आणि मागे ५३३ किलो भार उरतो. आठव्या कॉर्व्हेटप्रमाणे ४०:६० विभागणी असेल, तर ९०७ आणि ६९३. टायरची पकड भाराच्या प्रमाणात वाढत नाही, भार वाढत जाईल तशी ती मागे पडते. म्हणून चारही टायरांनी भार जितका समान वाटून घ्यावा तितकी एकूण पकड जास्त मिळते.

इंजिन मागे गेले की चालक पुढे सरकतो, बॉनेट आखूड होते आणि इंजिनाला हवा मिळावी म्हणून दारांमागे मोठी तोंडे उघडावी लागतात. चाचणीच्या गाड्यांवर काळ्या-पांढऱ्या नक्षीची वेष्टने चढवून दिवे, जाळी, घड्या सारे लपवता येते; पुढचे चाक आणि दाराची कड यांतील अंतर मात्र लपत नाही. चोरून टिपलेले छायाचित्र समोर आले, तर मी आधी तिथेच पट्टी लावतो.