जांभळाच्या बियांनी शुगर ‘जात’ नाही

मृगाच्या आसपास खानापूर, जांबोटीकडची जांभळं बेळगावच्या बाजारात उतरली की जुना सल्ला पुन्हा फिरू लागतो: बिया वाळवून पूड करा, रोज उपाशीपोटी चमचाभर घ्या, महिनाभरात शुगरच्या गोळ्या सुटतील.

यात तथ्य अगदीच नाही असं नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत बियांच्या अर्काने रक्तातली साखर उतरली आहे. पण तो अर्क मोजून दिलेला असतो. घरच्या पुडीत काय किती आहे ते सांगता येत नाही. आणि माणसांत गोळ्या बंद करण्याइतका भक्कम पुरावा नाही. ब्राझीलमध्ये मधुमेहावर जांभळीच्या पानांचा चहा पितात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत त्या चहाने साखर उतरली नाही, मधुमेहावरच्या ग्लायब्युराइड या गोळीने उतरली. (पानं वेगळी, बिया वेगळ्या, हे मान्य, पण सल्ला देणारे झाडाचं काहीच सोडत नाहीत.)

“झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?” हा गैरसमज जास्त घातक. साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना वर पूडही घेतली, तर साखर गरजेपेक्षा खाली जाण्याचा धोका असतो: घाम, थरथर, भोवळ. टाइप वन मधुमेहाच्या (ज्यात शरीर स्वतः इन्सुलिन जवळपास बनवतच नाही) रुग्णाने इन्सुलिन सोडणं तर थेट जिवावर बेततं.

फळ खुशाल खा, वाटीभर. १०० ग्रॅममागे साधारण १४-१५ ग्रॅम कर्बोदकं असतात, तेवढी जेवणात धरा. पूड घेतच असाल तर डॉक्टरांना सांगा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर तिच्या आधीच.