फुलं पाठवण्याची गोष्ट: ऑर्डर कुठून निघते, फुलं कुठून येतात

दुसऱ्या शहरातल्या कुणाला वाढदिवसाची फुलं ‘पाठवली’ असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आपल्या शहरातून एक पाकळीही निघालेली नसते. निघते ती ऑर्डर. पैसे एका ठिकाणी भरले जातात आणि पुष्परचना पत्त्याजवळच्या भलत्याच दुकानात बांधली जाते, त्या सकाळी तिथे जी फुलं असतील त्यांतून. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. फोटोसारखं आलं नाही, एवढ्या पैशांत इतकंसंच आलं, संध्याकाळपर्यंत गुलाबांनी माना टाकल्या, या आजच्या तक्रारींची मुळं त्या जुन्या रचनेतच सापडतात.

रेल्वे आल्यावर कापलेली फुलं ओल्या शेवाळात गुंडाळून, पेटीत भरून दूरवर जाऊ लागली. पण ती सुटी फुलं. बांधलेली रचना प्रवासात टिकत नसे. म्हणून परगावचं गिऱ्हाईक आलं की फुलवाला त्या गावातल्या ओळखीच्या फुलवाल्याला पत्र टाकी. यात अडचणी दोन: समोरचा काम नीट करेल याची खात्री नाही, आणि त्याचे पैसे त्याला कसे पोचवायचे याची सोय नाही. बर्लिनचे फुलविक्रेते मॅक्स ह्यूबनर यांनी १९०८ मध्ये यासाठी विक्रेत्यांची संघटना उभी केली. सभासदांची यादी, कामाच्या दर्जाची हमी आणि हिशेब मिटवण्याची मध्यवर्ती सोय असा तिचा सांगाडा होता. पुढे तिचंच ‘फ्ल्युरॉप’ झालं. १९१० मध्ये अमेरिकेत ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’, म्हणजे एफटीडी, सुरू झाली. तिथल्या विक्रेत्यांनी ऑर्डरी तारेनं एकमेकांकडे द्यायचं ठरवलं. १९१४ पासून पायाला पंख असलेला मर्क्युरी हा रोमन देवांचा दूत त्यांच्या चिन्हावर आला. ब्रिटनमधली शाखा १९२३ ची. १९४६ मध्ये अमेरिकी, युरोपीय आणि ब्रिटिश मंडळी ‘इंटरफ्लोरा’ या नावाखाली जोडली गेली. देशादेशांतल्या चलनांचा घोळ टाळायला त्यांनी हिशेबापुरतं स्वतःचं एककही ठेवलं, त्याचं नाव फ्लरिन. फुलवाल्यांचं चलन ही कल्पना ऐकायला गमतीची वाटते, पण देशादेशांतल्या ऑर्डरींचे हिशेब त्यावरच चालत.

तारेला शब्दागणिक पैसे पडत. त्यामुळे ऑर्डरीत मोजकंच असे: नाव, पत्ता, तारीख, रक्कम, चिठ्ठीवरचा मजकूर आणि फुलांबद्दल दोन-तीन शब्द. बाकीचं बांधणाऱ्यावर सोपवलेलं. हे तेव्हा खपून जाई, कारण पाठवणाऱ्यानं रचना आधी पाहिलेलीच नसे आणि नंतरही ती त्याच्या नजरेस पडत नसे.

पैशांची वाटणी मात्र समजून घ्यायला हवी, कारण आजही ती फारशी बदललेली नाही. फुलांच्या रकमेचे शंभर भाग धरले तर साधारण वीस ऑर्डर घेणाऱ्याला, सात संस्थेला आणि त्र्याहत्तर बांधणाऱ्याला, ही या धंद्यातली ओळखीची विभागणी. वर सेवाशुल्क वेगळं, आणि ते बहुधा बांधणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. त्र्याहत्तर भागांतून त्याला फुलं, पानं, फुलदाणी, कारागिराची मजुरी आणि पोचवणं हे सगळं भागवायचं असतं. तेव्हा रचना ‘लहान’ आली तर फुलवाल्यानं हात आखडता घेतला असेलच असं नाही. त्याच्या चिठ्ठीवर रक्कमच तेवढी असते. तीच रक्कम पत्त्याजवळच्या दुकानाला थेट फोन करून दिली, तर मधले दोन वाटेकरी गळतात आणि तेवढी फुलं वाढतात. अनोळखी शहरात दुकान शोधायचा कंटाळा असेल तर मध्यस्थ घ्यावा. त्याची किंमत असते एवढं माहीत असलं की झालं.

मागणी वाढवण्याचं काम जाहिरातीनं केलं. ‘से इट विथ फ्लॉवर्स’ हे घोषवाक्य १९१७ मध्ये बॉस्टनचे जाहिरातकार पॅट्रिक ओ’कीफ यांनी अमेरिकी फुलविक्रेत्यांच्या प्रचारमोहिमेसाठी दिलं. त्याआधीच मातृदिनानं धंद्याला मोठा हंगाम मिळवून दिला होता. १० मे १९०८ रोजी वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन इथल्या चर्चमध्ये पहिला मातृदिन झाला, तेव्हा ॲना जार्व्हिस स्वतः तिथे नव्हत्या. त्यांनी पांढऱ्या कार्नेशनची ५०० फुलं पाठवली होती. १९१४ मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी हा दिवस अधिकृत केला आणि पुढच्या काही वर्षांत त्याच जार्व्हिसबाई फुलविक्रेत्यांच्या नफेखोरीविरुद्ध उघडपणे बोलू लागल्या. सणासुदीला फुलं महागतात ही कुरकुर इतकी जुनी आहे.

पांढऱ्या कार्नेशनचा उल्लेख आलाच आहे तर त्याच १९०८ सालातलं आणखी एक प्रकरण पाहू. शिकागोच्या काचघरांत कार्नेशनच्या कळ्या उमलेनात आणि उमललेली फुलं मिटून जाऊ लागली. उत्पादक याला फुलांचं ‘झोपणं’ म्हणत. क्रॉकर आणि नाइट या संशोधकांनी १९०८ मध्ये दाखवलं की दोष दिव्याच्या गॅसचा, आणि त्यातल्या इथिलीन या वायूचा. हवेच्या वीस लाख भागांत एक भाग इथिलीन बारा तास राहिलं तरी उमललेलं कार्नेशन मिटतं. त्याआधी १९०१ मध्ये रशियात दिमित्री नेल्युबोव यांनी वाटाण्याच्या रोपांवर हाच वायू ओळखला होता. दिव्याचा गॅस गेला, पण इथिलीन गेलं नाही. पिकणारी फळं ते सोडतात, सुकलेली फुलं सोडतात, गाडीच्या धुरातही ते असतं. म्हणून जाणत्या दुकानाच्या कोल्ड रूममध्ये कुणी आपला फळांचा डबा ठेवू शकत नाही, आणि घरी आलेली रचना फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नये असं सांगतात. १९७८ मध्ये नेदरलँड्समध्ये सिल्व्हर थायोसल्फेटचा उपाय निघाला. कापल्यावर देठातून ते द्रावण दिलं की कार्नेशनवर इथिलीनचा परिणाम जवळजवळ थांबतो. यातली चांदी जड धातू असल्यामुळे वापरलेलं द्रावण गटारात ओतण्यावर निर्बंध आले, आणि १९९० च्या दशकात १-एमसीपी हा वायूरूप पर्याय पुढे आला.

बांधलेली रचना गाडीत घालून नेता येऊ लागली ती एका हिरव्या ठोकळ्यामुळे. त्याआधी देठ धरून ठेवायला जाळीची गुंडाळी, शेवाळ, भोकांचा काचेचा गोळा किंवा जपानी रचनेतलं खिळ्यांचं केन्झान वापरत. १९५४ मध्ये ओहायोतल्या व्हर्नन स्मिदर्स यांनी पाणी शोषणारा फोम आणला. ‘ओॲसिस’ हे त्याचं व्यापारी नाव आता सगळीकडे वस्तूचंच नाव झालं आहे. विटेएवढा ठोकळा जवळपास दोन लिटर पाणी पितो आणि देठ टोचला तिथेच घट्ट राहतो.

हा ठोकळा चुकीचा भिजवला की सगळं मुसळ केरात. तो पसरट भांड्यातल्या पाण्यावर नुसता सोडायचा आणि आपोआप बुडू द्यायचा. साधारण मिनिटभरात पूर्ण गडद होतो. घाईनं दाबून बुडवला तर बाहेरचा भाग भिजतो आणि आत कोरडी पोकळी राहते. वरून काही दिसत नाही, पण त्या पोकळीत टोक गेलेली फुलं काही तासांत मान टाकतात आणि शेजारची टवटवीत असतात. दुसरी चूक देठ उपसून पुन्हा त्याच भोकात खोचण्याची. भोक रुंदावतं, तळाशी हवा राहते, देठाला पाणी लागत नाही. फूल हलवायचंच असेल तर नवी जागा घ्यावी आणि देठ तीनेक सेंटिमीटर आत जावा. बाजूनं आडवी फुलं लावता यावीत म्हणून फोम भांड्याच्या काठाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर येईल असा ठेवतात. सुकलेला फोम पुन्हा भिजवला तरी पहिल्यासारखं पाणी घेत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी वरून पाणी घालायला विसरलं की रचना संपली.

फुलांचं उगमस्थान साठच्या दशकात बदललं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी डेव्हिड चीव्हर यांनी १९६७ च्या प्रबंधात बोगोताभोवतालचं पठार फुलशेतीसाठी उत्तम असल्याचं मांडलं. सुमारे २,६०० मीटर उंची, विषुववृत्ताजवळचा बारमाही बारा तासांचा दिवस, थंड हवा आणि जवळ विमानतळ. दोन वर्षांनी ते ‘फ्लोरामेरिका’ या कंपनीच्या स्थापनेत होते. पुढे केनियातल्या नैवाशा तळ्याकाठचे गुलाब युरोपात जाऊ लागले. मधला मोठा बाजार नेदरलँड्समधल्या आल्समीरचा. तिथले लिलाव १९१२ पासूनचे. घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली सरकतो आणि जो पहिला बटण दाबेल त्याला माल मिळतो. उतरत्या बोलीची ही तऱ्हा त्या देशात १८८७ मध्ये ब्रुक ऑप लांगेडाइक इथे भाजीच्या लिलावात सुरू झाली.

यामुळे ‘स्थानिक’ दुकानातलं फूलही अनेकदा चार-सहा दिवसांपूर्वी कापलेलं, कोरडं पॅक केलेलं आणि हजारो किलोमीटर आलेलं असतं. दुकानात आल्यावर खोकं उघडायचं, पाण्यात बुडणारी पानं काढायची, धारदार सुरीनं देठाची खालची दोन-तीन सेंटिमीटर कापायची आणि लगेच स्वच्छ बादलीत उभं करायचं. पाण्यात साखर, आम्ल आणि जंतुनाशक असं मिश्रण असतं. साखर फुलाचं पोषण करते, आम्लानं पाणी देठात सहज चढतं, जंतुनाशक नसेल तर साखरेवर जंतूच पोसले जातात. मग काही तास, जमल्यास रात्रभर, १ ते ४ अंश सेल्सियसला ठेवायचं. ऑर्किड आणि अँथुरियम यांना ही थंडी बाधते, पाकळ्या काळवंडतात. त्यांना १२-१३ अंश हवेत. डॅफोडिलचा चिकट रस शेजारच्या ट्यूलिपला मारतो, म्हणून त्याला आधी स्वतंत्र बादलीत ठेवतात. ऐन गर्दीच्या दिवशी यातली रात्रभर मुरवण्याची पायरी गाळली जाते. कोरड्या प्रवासात देठाच्या नळ्यांत शिरलेली हवा तशीच राहते, पाणी गळ्यापर्यंत चढत नाही आणि गुलाब मानेतून वाकतो. वेळीच लक्षात आलं तर देठ पुन्हा कापून, फूल कागदात सरळ गुंडाळून तासभर कोमट पाण्यात ठेवल्यास बरेच सावरतात.

तारेनंतर फोन आला आणि फोनबरोबर चित्रांच्या वह्या आल्या. ठरावीक रचना, ठरावीक क्रमांक आणि काही वेळा ठरावीक फुलदाणी. १९३४ मध्ये सुरू झालेल्या टेलिफ्लोरानं आठवण म्हणून ठेवता येतील अशा खास भांड्यांवर भर दिला. आता हजारो दुकानांत तेच चित्र तसंच उतरलं पाहिजे ही अपेक्षा जन्माला आली. १९९४ मध्ये एफटीडी इंटरनेटवर आली, तेव्हा हेच चित्र गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पोचलं. फुलं मात्र ऋतू, लिलाव आणि विमान यांच्या तालावर चालतात. म्हणून बारीक अक्षरात ‘बदली फुलं वापरली जाऊ शकतात’ ही अट असते. चांगला फुलवाला रंग आणि एकूण मूल्य सांभाळून फूल बदलतो. वाईट फुलवाला चार गुलाबांच्या जागी पानं भरतो. जिचं नाव तारेवरून पडलं ती एफटीडी २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि नव्या मालकाकडे चालू राहिली.

इंटरनेटनं आणखी एक प्रकार आणला: नाव गावाचं, छायाचित्रं दुकानासारखी, पण दुकान कुठेच नाही. ऑर्डर घ्यायची, मोठा वाटा कापायचा आणि उरलेल्या रकमेत कुणी बांधून देतं का पाहायचं. ओळखायची सोपी खूण म्हणजे रस्त्याचा पत्ता नसणं. फोनवर ‘आज ताजं काय आलंय?’ एवढंच विचारावं. खरा फुलवाला मागे वळून बादल्यांकडे बघतो आणि नावं सांगतो. मध्यस्थ चित्राचा क्रमांक विचारतो.

ऑर्डर देताना नेमक्या फुलाऐवजी रंग, प्रसंग, आकार आणि रक्कम सांगून निवड फुलवाल्यावर सोडणं बहुधा फायद्याचं पडतं, कारण तो त्या दिवसाचा उत्तम माल वापरू शकतो. ठरावीक फूल हवंच असेल तर तीन-चार दिवस आधी कळवावं. आणि काय नको ते जरूर सांगावं. उदाहरणार्थ, घरात मांजर असेल तर लिली नको, तिचे परागकणसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. फुलं घेणाऱ्याचा फोन नंबर, इमारत, मजला, घरी असण्याची वेळ हे द्यावं. इस्पितळात पाठवताना वॉर्ड आणि खाट सांगावी, अतिदक्षता विभागात फुलं घेत नाहीत. कार्यालयात पाठवायची तर त्या दिवशी ते उघडं आहे का ते बघावं. अंत्यविधीसाठी ठिकाण आणि वेळ सांगून निदान एक-दोन तास आधी पोचवायला सांगावं. उन्हात बंद उभ्या गाडीत अर्धा तास राहिलेली रचना दुकानात कितीही नीट बांधली असली तरी दारात पोचेपर्यंत मलूल होते, तेव्हा शेवटच्या फेरीत नेमकं कधी येणार हे विचारायला संकोचू नये.

ज्या फोमनं हा धंदा गाडीवर चढवला, त्याच्याकडे आता पाठ फिरवली जाते आहे. तो फिनॉलिक प्लॅस्टिकचा असतो, चुरा होऊन पाण्यात सूक्ष्म कण सोडतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं आपल्या प्रदर्शनांतून २०२१ पासून तो हद्दपार केला. जाळीची गुंडाळी आणि केन्झान परत आले आहेत. त्यांत देठ थेट पाण्यात राहतात, पण गाडीत पाणी सांडतं. म्हणून भांडं दोन-तृतीयांशच भरून खोक्यात घट्ट बसवतात आणि पोचल्यावर पाणी वाढवतात. अशी रचना घेणाऱ्यानं पाणी रोज बघावं, दोन दिवसांनी पूर्ण बदलावं आणि त्याच वेळी देठ थोडे कापावेत.

तक्रार करायची ती ज्यानं पैसे घेतले त्याच्याकडे. बांधणाऱ्याकडे फक्त चिठ्ठी असते. फुलं हातात पडल्याबरोबर एक फोटो काढून आपल्याला धाडायला ती घेणाऱ्याला सांगावं. बहुतेक दुकानं पहिल्या एक-दोन दिवसांतच तक्रार ऐकून घेतात, आणि तिसऱ्या दिवसाच्या फोटोत चूक फुलवाल्याची की पाण्याविना ठेवणाऱ्याची हे कुणालाच सांगता येत नाही.