पिणारा तो, मग गटात ती कशाला?
इंदूरच्या रामबागेतल्या मराठी घरांत अजून ऐकू येतं, 'पितो तो, वहिनींना कसलं समुपदेशन? आधी त्याची सुटू दे.' हे साफ चुकीचं आहे. त्याची वाट बघायची गरजच नाही. अल-अनॉन ही दारू पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांची संघटना १९५१ पासून याच पायावर उभी आहे. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही पत्नींसाठी 'सहचरी' गट आहे. अशा गटात बाई शिकते: त्याच्या ऑफिसात 'ताप आलाय' असा खोटा फोन करायचा नाही, गुत्त्याची उधारी फेडायची नाही. हे फार जड जातं. बाकीच्या जणी पाठीशी असल्या की जमतं. जोडप्यांच्या गटात दोघं ठरवतात: घरी तो रोज 'आज पिणार नाही' असं तिला सांगणार, ती जुनं उकरणार नाही. मात्र घरात मारहाण होत असेल तर दोघांना एकत्र बसवू नये. आधी तिची सुरक्षितता. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, तिथे बायकोनेही बेधडक फोन करावा.