कोतवाल

कोतवाल : मध्ययुगीन भारतातील नगररक्षणाचा प्रमुख अधिकारी. याच शब्दाने त्याआधी किल्ल्याचा रक्षक ओळखला जाई आणि पुढे महाराष्ट्रात तलाठ्याच्या हाताखालचा महसुली कर्मचारी ओळखला जाऊ लागला. गडाचा, नगराचा व गावाचा असे हे तीन कोतवाल नावाने एक असले, तरी अधिकाराने निराळे आहेत. जुनी कागदपत्रे वाचताना एकाची कामे दुसऱ्याच्या माथी मारली जाण्याचा धोका नेहमी असतो.

शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. ‘कोट्टपाल’ किंवा ‘कोटपाल’ (कोटाचा राखणदार) या संस्कृत शब्दापासून तो आला, हे मत सर्वांत रूढ आहे. काहींनी ‘कोष्ठपाल’ हे मूळ सुचविले. परंतु त्यापासून ‘कोठवाल’ असे रूप अपेक्षित धरावे लागते. यूल व बर्नेल यांनी आपल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात (१८८६) तिसरी शक्यता मांडली. करावल (टेहळ्या), यसावल (चोपदार), बकावल (मुदपाकाचा कारभारी) असे त्याच घडणीचे अनेक तुर्की शब्द आहेत. त्यावरून हे पदनाम मुळात तुर्की असावे व भारतीय शब्दाच्या साहचर्याने त्याला आजचे वळण मिळाले असावे, असा त्यांचा कल होता.

या मताविरुद्ध जाणारा महत्त्वाचा पुरावा ग्वाल्हेरचा आहे. तेथील चतुर्भुज मंदिरातील विक्रम संवत ९३३ (इ. स. ८७६) च्या शिलालेखात प्रतिहार राजा भोज याच्या अमदानीतील अल्ल नावाच्या अधिकाऱ्याचा गोपगिरीचा (ग्वाल्हेरच्या गडाचा) ‘कोट्टपाल’ म्हणून उल्लेख आहे. (२७० या संख्येतील शून्यामुळे गणिताच्या इतिहासात गाजलेला लेख तो हाच.) यूल-बर्नेल यांनी दिलेला फार्सीतील जुना दाखला गझनीच्या बू अली कोतवालाचा असून तो १०४० च्या सुमाराचा, म्हणजे सुमारे दीड शतकानंतरचा आहे. ध्वनिदृष्ट्याही संस्कृत मूळ पटण्यासारखे आहे. स्वरांमधील ‘प’चा ‘व’ होणे ही प्राकृतातील नेहमीची गोष्ट आहे. ‘गोपाल’चे ‘गोवाल’ तसेच झाले. अडचण राहते ती ‘त’ची. मराठीत ‘कोट’ हा शब्द ‘ट’ने चालतो, मग ‘कोतवाल’ ‘त’ने का? फार्सीत ‘ट’ हा वर्ण नाही, हे त्याचे उत्तर असावे. शब्द भारतातून फार्सीत गेला, तेथे ‘त’ घेऊन स्थिरावला आणि सुलतानी कारभाराबरोबर परत आला, असे मानल्यास दोन्ही बाजूंचा पुरावा जुळतो. तुर्की शब्दांशी असलेले साम्य हा प्रवासातील संस्कार समजणे अधिक सयुक्तिक वाटते.

पदाचा उगम व शब्दाचा उगम या मात्र भिन्न गोष्टी होत. नगराची व्यवस्था पाहणारा अधिकारी कौटिलीय अर्थशास्त्रात ‘नागरक’ या नावाने येतो. त्याच्या हाताखाली नगराच्या चौथ्या हिश्शावर एक स्थानिक व ठरावीक कुटुंबांवर एकेक गोप असे. उतरलेल्या परक्या माणसांची नोंद, आगीपासून बचाव व रात्रीची संचारबंदी ही कामे तेथे सांगितली आहेत. ती पुढील कोतवालाच्या कामांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की काही अभ्यासक दोन्ही पदांत अखंड परंपरा पाहतात. मोठ्या नगराच्या गरजा कोणत्याही काळात सारख्याच असतात, हेही लक्षात घेतले पाहिजे. नुसत्या साम्यावरून परंपरा सिद्ध होत नाही.

कोतवालाच्या कर्तव्यांची सर्वांत तपशीलवार यादी सोळाव्या शतकाच्या अखेरच्या ‘आईन-ए-अकबरी’ या अकबराच्या कारभारावरील ग्रंथात मिळते. शहराचे मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक प्रमुख नेमणे, घरांची व रस्त्यांची वही ठेवणे, येणाऱ्याजाणाऱ्यांची रोजची खबर घेणे, रात्रीची गस्त, बाजारभाव व वजनमापे यांवर नजर, बेवारस मालाची नोंद, स्त्रियांसाठी वेगळे पाणवठे आणि कोणाही स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध सती जाऊ न देणे अशी ती विस्तृत यादी आहे. चोर व चोरीचा माल शोधून काढावा, नाहीतर नुकसानीला कोतवालाने जबाबदार राहावे, असाही दंडक होता. हा आदर्श होता. प्रत्यक्ष कारभार सर्वत्र असाच चाले, असे समजू नये. घरोघर सफाईला जाणाऱ्या हलालखोरांकडून कोतवाल आतल्या बातम्या काढीत असे, ही इटालियन प्रवासी मनुची याने दिलेली माहिती मात्र प्रत्यक्ष व्यवहाराच्या जवळची वाटते.

कोतवालाची हद्द शहरापुरती होती. शहराबाहेरचा बंदोबस्त, वाटमारी करणाऱ्यांचा व बंडखोरांचा मोड ही फौजदाराची कामे; तो मूलतः लष्करी अधिकारी होता. धर्मशास्त्रानुसार निवाडा काझी करी. बाजारातील लबाडी व लोकांचे आचरण पाहणारा मुहतसिब हा निराळा अधिकारी होता. अकबराच्या काळात बाजाराची देखरेख कोतवालाकडे दिसते, तर औरंगजेबाने मुहतसिबाचे पद पुन्हा पुढे आणले. कोतवाल नसेल तेथे त्याचे काम महसूल गोळा करणाऱ्या अमलगुजाराने करावे, असे ‘आईन’ सांगते. म्हणजे ही विभागणी मोठ्या शहरांपुरतीच काटेकोर होती.

पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे पोलिसी कामाखेरीज आजच्या नगरपालिकेची व दुय्यम निबंधकाची बरीच कामे होती. पेठांतील महत्त्वाचे तंटे, रस्ते व घरांचे वाद, भाव ठरविणे, जागांच्या खरेदी-विक्रीची नोंद, सरकारकामी मजूर पुरविणे, इतकेच काय, जुगाराला परवानगी देणे हेही त्याच्याकडे असे. रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर सापडेल त्याला सकाळपर्यंत अटकेत ठेवीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठ्यांच्या नोकरीत असलेला विल्यम टोन हा बंदोबस्त फार कडक असल्याचे सांगतो. अवेळी फिरताना खुद्द पेशव्याला एक रात्र अडकवून ठेवल्याची गोष्टही त्याने दिली आहे. ती आख्यायिका असू शकते.

घाशीराम सावळदास हा १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्याच्या कैदेत कोंडलेले काही दक्षिणी ब्राह्मण गुदमरून मेले (मृतांचा आकडा निरनिराळा सांगितला जातो) आणि प्रक्षुब्ध लोकांच्या मागणीवरून नाना फडणिसांनी त्याला लोकांच्या हवाली केले. दगडांनी ठेचून त्याचा अंत झाला. साहित्यातून रूढ झालेल्या त्याच्या प्रतिमेवरून पुण्याच्या साऱ्या कोतवालीचा अंदाज बांधणे योग्य नव्हे. तपास, अटक, दंड व तुरुंग हे सारे एकाच हाती असणे हा या पदाचा खरा दोष होता, आणि १७९१ ची घटना त्याच दोषातून घडली.

गावात कोतवालाला असे स्थान नव्हते. तेथील बंदोबस्त पाटलाचा. त्याच्या मदतीला चौगुला, आणि पहाऱ्याला महार, रामोशी, भिल्ल वा जागल्या. चोराचा माग पुढच्या गावच्या शिवेपर्यंत पोहोचविला, की जबाबदारी त्या गावावर जाई.

इंग्रजी अमलात कोतवालाची कामे पोलीस, दंडाधिकारी व नगरपालिका यांच्यात विभागली गेली. मुंबई इलाख्यात गावपोलिसांसाठी १८६७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याची जागा पुढे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ ने घेतली. आजचा पोलीस पाटील या अधिनियमाखाली नेमला जातो. तो मानधनावर असतो व गावातील गुन्ह्यांची व शांतताभंगाची खबर देतो. पोलीस दलाच्या श्रेणींत तो मोडत नाही. ‘फौजदार’ हा शब्द बोलीत पोलीस उपनिरीक्षकाला लागू झाला. हैदराबाद संस्थानात मात्र राजधानीच्या पोलीसप्रमुखाला विसाव्या शतकातही कोतवाल म्हणत. राजाबहादूर वेंकटराम रेड्डी हे तेथील ख्यातनाम कोतवाल होत.

महाराष्ट्रातील गावकामगार कोतवालाचे पद कनिष्ठ ग्रामवतनांशी निगडित आहे. मुंबई राज्याच्या १९५८ च्या कायद्याने ही वतने रद्द झाली आणि वतनदारांची परंपरागत कामे पगारी वा मानधनी कोतवालांकडे आली. दवंडी देणे, नोटिसा पोहोचविणे, वसुलीत व पंचनाम्यात तलाठ्याला साहाय्य करणे ही त्यांची कामे. पद तुटपुंज्या मानधनाचे, पण पूर असो वा निवडणूक, गावात पहिली हाक याच माणसाला जाते. अलीकडे शासनाने त्याला ‘महसूल सेवक’ असे नाव दिले आहे.

काळभैरवाला ‘काशीचा कोतवाल’ म्हणतात. कावळे व शिकारी पक्षी यांना पिटाळून लावणाऱ्या एका काळ्या, दुभंगलेल्या शेपटीच्या पक्ष्यालाही मराठीत कोतवाल हे नाव आहे. नागपूर, अमरावती व अहिल्यानगर येथील पोलीस ठाण्यांच्या नावांत ‘कोतवाली’ हा शब्द टिकून आहे.